अननसात बी का नसते?

डिचोली तालुक्यातील एखाद्या कुळागरात माडा-पोफळींच्या सावलीला वाढलेला अननस कापून पाहावा, तर त्यात बी म्हणून सापडत नाही. ही गोष्ट इतकी अंगवळणी पडलेली आहे की, तिचे नवल कोणाला वाटत नाही. फणस फोडावा तर आत आठळ्या. पपई चिरावी तर मिऱ्यांसारख्या बियांचा ढीग. काजूने तर आपली बी बोंडूच्या बाहेरच लटकावून ठेवलेली. मग अननसानेच तेवढे निर्बीज का राहावे? त्याला फुले येत नाहीत म्हणावे, तर तसेही नाही. ज्याला लोक एक फळ समजतात, ते वस्तुतः शंभर-दोनशे फुलांचे मिळून एकजीव झालेले कणीस होय. सालीवरच्या प्रत्येक डोळ्याच्या जागी एकेक निळसर जांभळे फूल एका दिवसापुरते उमलून गेलेले असते. त्या फुलांत पराग असतो, बीजांडे असतात. दोन्ही धडधाकट असतात. तरीही बी धरत नाही.

याचे कारण अननसाच्या दुबळेपणात नसून त्याच्या चोखंदळपणात आहे. अननसाचे फूल आपल्यावर पडलेला पराग कोणाचा, हे ओळखते. आणि तो स्वतःचाच आहे असे आढळले, तर त्याला आत येऊ देत नाही. डोळे नाहीत, नाक नाही, मज्जातंतू नाहीत, अशा वनस्पतीने आपले आणि परके कसे ओळखावे, हा प्रश्न वनस्पतिशास्त्रज्ञांना दोन शतकांहून अधिक काळ पडलेला आहे. त्याचे उत्तर मात्र पुष्कळसे गेल्या चाळीस-पन्नास वर्षांतच हाती आले.

फुलाच्या मधोमध स्त्रीकेसर असतो. त्याचे वरचे टोक म्हणजे कुक्षी, तिच्याखालचा दांडा म्हणजे कुक्षिवृंत, आणि तळाशी अंडाशय. बीजांडे या अंडाशयात दडलेली असतात. वाऱ्याने, मधमाशीने, मुंगीने किंवा माशीने आणलेला परागकण कुक्षीवर पडतो. शाळेत शिकविताना येथेच बहुधा परागण संपते व पुढच्या ओळीत फळ तयार होते. परंतु कुक्षीवर पडलेला परागकण आणि तळाशी असलेले बीजांड यांच्यामध्ये, कणाच्या आकाराच्या मानाने पाहता, केवढे तरी अंतर असते. मक्याच्या कणसाचा एकेक रेशमी धागा म्हणजे लांबच लांब स्त्रीकेसरच होय. त्याच्या टोकावर पडलेल्या कणाला वीतभर खाली उतरावयाचे असते. कणाला पाय नाहीत. तो आपल्या अंगातून एक नळी काढतो आणि ती कुक्षीच्या व कुक्षिवृंताच्या पेशींमधून वाट काढीत बीजांडापर्यंत जाते. नरबीजे या नळीतून वाहून नेली जातात. ही परागनलिका प्रथम पाहिली ती इटलीच्या आमिची याने, १८२४ साली. आणि तीही कोणत्या दुर्मिळ पुष्पात नव्हे, तर घोळीच्या फुलात. पावसाळ्यात ज्या घोळीची भाजी गोमंतकात व कोकणात घरोघर होते, तिच्याच कुक्षीवरील केसांचे तो सूक्ष्मदर्शकाखाली निरीक्षण करीत होता.

नलिका निघावी यासाठी पहिली गरज पाण्याची. परागकोशातून बाहेर पडतेवेळी कण बराच सुकलेला असतो आणि त्याची प्राणक्रिया जवळजवळ थंडावलेली असते. कुक्षीवर पडल्यावर तो तिच्याकडून पाणी शोषून घेतो, फुगतो, आणि मगच त्याला नळी फुटते. काही वनस्पतींची कुक्षी ओलसर व चिकट असते. तंबाखू आणि पेट्युनिया यांची अशी असते. काहींची वरून कोरडी दिसते, पण तिच्या पृष्ठभागावर प्रथिनांचा अतिशय पातळ पापुद्रा असतो. मोहरी, कोबी, मुळा यांची कुक्षी या प्रकारची. इंग्लंडमधील शास्त्रज्ञ हेस्लॉप-हॅरिसन आणि दिल्ली विद्यापीठाचे के. आर. शिवण्णा यांनी १९७७ साली सुमारे एक हजार जातींच्या कुक्षी तपासून त्यांची अशी वर्गवारी प्रसिद्ध केली. ही वर्गवारी केवळ नावे ठेवण्याची हौस नव्हती. जेथे कुक्षी कोरडी, तेथे पाणी देणे वा न देणे तिच्या हाती. म्हणून तेथे पारख बहुधा दारातच होते. जेथे ती ओली, तेथे नळी आत शिरते आणि पारख पुढे कुक्षिवृंतात होते. अर्थात या नियमाला अपवाद आहेत, आणि अननस त्यांतलाच एक असल्यामुळे त्याची गोष्ट थोडी मागाहून.

पारख दोन गोष्टींची करावयाची असते. परागकण आपल्या जातीचा आहे काय, ही पहिली. काजूच्या मोहरावर माडाचा पराग पडत नाही असे नाही, गवताचाही पडतो. पण तो तेथेच सुकून जातो. मोहरीच्या कुळातील वनस्पतींत हे कसे घडते, याचा एक महत्त्वाचा धागा २०२१ साली उलगडला. कुक्षीच्या पेशी एरवी आपल्या पृष्ठभागाशी एक प्रकारचा दाहक प्राणवायू, म्हणजे ऑक्सिजनची तीव्र क्रिया करणारी रूपे, राखून असतात व त्यामुळे दार बंद राहते. योग्य परागकणाच्या अंगावर छोटी प्रथिने असतात. ती कुक्षीवरच्या ग्राहकाला चिकटतात, तेथे आधीच बसलेल्या कुक्षीच्या प्रथिनाला हुसकावून लावतात, आणि मग तो दाहकपणा ओसरून पाणी वाहू लागते. थोडक्यात, कणाला दार ठोठवावे लागते, आणि ठोठावण्याची रीत घरच्यांच्या ओळखीची असावी लागते.

दुसरी पारख अधिक नाजूक. कण जातीचा आहे खरा, पण तो स्वतःच्याच झाडाचा तर नाही ना? येथे महाराष्ट्र-गोमंतकातील वाचकाला सगोत्र विवाहाच्या निषेधाची आठवण होणे साहजिक आहे, आणि ती उपमा पुष्कळ अंशी लागू पडते. या वनस्पतींच्या अंगी एक विशिष्ट जनुकस्थान असते. शास्त्रज्ञ त्याला ‘एस’ असे म्हणतात. त्याचे अनेक पर्याय एकाच जातीत नांदत असतात, कोबीच्या जातीत तर पन्नासच्या आसपास. प्रत्येक झाडाकडे त्यांतले दोन, एक आईकडून व एक बापाकडून आलेला. परागावरची खूण आणि कुक्षीची खूण जुळली, की सोयरीक फिसकटते. वेगळी निघाली, की जमते. तंबाखूच्या काही जातींत हे गणित बसविले ते अमेरिकेतील ईस्ट आणि मँगल्सडॉर्फ यांनी १९२५ साली. तोपर्यंत अनेकांनी नुसते एवढेच पाहिले होते की काही झाडे स्वतःच्या परागाने फळत नाहीत. अठराव्या शतकात जर्मनीच्या कोलरॉयटरने ते पाहिले, १८७६ साली डार्विनने त्यावर एक सबंध ग्रंथ लिहिला.

मोहरीच्या कुळात ही ओळख कुक्षीच्या पृष्ठभागावरच पटते. वायंगणी मळ्यांत जो मुळा पिकतो, तो याच कुळातला. त्याच्या परागकणावर एका लहानशा प्रथिनाचा लेप असतो, आणि कुक्षीच्या पेशींवर त्याला पकडणारा ग्राहक असतो. दोन्ही एकाच ‘एस’ पर्यायाचे असले तर ते कुलूप-किल्लीसारखे एकमेकांत बसतात. गंमत अशी की, किल्ली बसली म्हणजे येथे दार उघडत नाही, उलट लागते. ग्राहक पेशीच्या आत संदेश धाडतो, कणाला पाणी पुरविणारी यंत्रणा थोपविली जाते, आणि काही मिनिटांतच निकाल लागून कण कोरडाच राहतो. हा ग्राहक १९९१ साली ओळखला गेला, आणि परागावरची त्याची जोडीदार खूण १९९९ ते २००० या काळात. लेपातील ही खूण नुसता परागकणच तयार करतो असे नाही. ज्या झाडावर तो वाढला, त्या झाडाच्या परागकोशातील पेशीही ती त्याच्या अंगावर चढवितात. म्हणजे येथे कणाला त्याच्या स्वतःच्या गुणावरून नव्हे, तर बापाच्या घराण्यावरून जोखले जाते.

तंबाखू, पेट्युनिया आदींच्या कुळात न्याय निराळा आहे. तेथे कणाला दारात अडवीत नाहीत. तो पाणी पितो, त्याला नळी फुटते, ती कुक्षिवृंतात शिरते, आणि मग वाटेत तिची गाठ एका विषाशी पडते. हे विष म्हणजे आर.एन.ए. या संदेशवाहक रेणूंचे तुकडे करणारे एक विकर होय. ते कोणतीही निवड न करता सगळ्याच नळ्यांत शिरते. परंतु परागनलिकेजवळ उताऱ्यांचा एक संच असतो, आणि त्या संचात इतर सर्व पर्यायांच्या विषांवर उतारा असतो. नसतो तो फक्त स्वतःच्या पर्यायाच्या विषावर. त्यामुळे परक्या घरच्या कुक्षिवृंतातून नळी सुखरूप पार होते आणि स्वतःच्या घरी मात्र विषबाधा होऊन थांबते. येथे प्रत्येक कण आपापल्या ‘एस’ पर्यायावरून पारखला जातो. म्हणून दोन झाडांत एक पर्याय समान असला, तर निम्मे कण अडतात आणि निम्मे पार होतात. विवाहाची उपमा येथे लंगडी पडते, पण उपमेकडून याहून अधिक अपेक्षा करू नये.

अननसाची पारख या दुसऱ्या प्रकारच्या न्यायाची आहे. स्वतःचा कण कुक्षीवर रुजतो, नळीही निघते; पण कुक्षिवृंताच्या वरच्या भागातच ती अडून बसते. आता कुळागरात अननस लावतात तो बी पेरून नव्हे, तर फळाच्या शेंड्यावरचा तुरा किंवा बुंध्याचा फुटवा लावून. तेव्हा एका वाणाची हजार रोपे लावली तरी आनुवंशिकतेच्या दृष्टीने ते एकच झाड हजार ठिकाणी उभे असते. शेजारच्या रोपाचा पराग म्हणजे स्वतःचाच पराग. मधमाशीने तो कितीही इकडून तिकडे नेला, तरी कुक्षिवृंत त्याला ओळखणारच. फळ मात्र बीजधारणेवाचून फुगू शकते, हा अननसाचा आणखी एक गुण. आणि या दोन गुणांच्या योगाने माणसाला बिनबियांचे फळ आयते मिळाले. क्यू आणि क्वीन हे दोन वाण शेजारी-शेजारी फुलले आणि एकाचा पराग दुसऱ्यावर गेला, तर डोळ्यांच्या मागे तपकिरी, खड्यांसारख्या कडक बिया धरतात व त्या दाताखाली येतात. अननसाच्या मायभूमीत, दक्षिण अमेरिकेत, ही पराग नेण्याची कामगिरी इवलासा हमिंगबर्ड पक्षी करतो. म्हणूनच हवाई बेटांत हा पक्षी आणण्यास कायद्याने मनाई आहे. फुलाच्या चोखंदळपणावर आपला व्यापार उभा आहे, हे त्या सरकारने चांगलेच ओळखले म्हणावयाचे.

जेथे बी किंवा बीजधारणेतून येणारे फळ हेच पीक, तेथे मात्र हाच चोखंदळपणा बागायतदाराच्या मुळावर येतो. आंब्याचे उदाहरण घ्यावे. उत्तर भारतातील दशहरी आंबा स्वतःच्या परागाने जवळजवळ फळत नाही, हे १९६२ साली भारतीय संशोधकांनी दाखवून दिले. आंब्यातील नकार तर फारच उशिरा येतो: नळी बीजांडापर्यंत पोहोचते, फलनही होते, आणि त्यानंतर बियांतील पोषक भाग झडू लागून कोवळी कैरी गळते. बागायतदाराला दिसते ते एवढेच की मोहर भरघोस आला, कैऱ्याही दिसू लागल्या, आणि मग काही टिकले नाही. तो धुक्याला आणि तुडतुड्यांना दोष देतो. पुष्कळदा ते दोषी असतातही. पण सबंध बाग एकाच वाणाच्या कलमांची असेल, तर अननसाच्या कुळागराप्रमाणे तेथेही एकच झाड शेकडो ठिकाणी उभे आहे, ही गोष्ट त्याच्या ध्यानात आणून द्यावी लागते. दशहरीच्या बागेत ‘बॉम्बे ग्रीन’सारख्या दुसऱ्या वाणाची काही झाडे पेरण्याची शिफारस याच कारणाने केली जाते. गोमंतकातील जुन्या भाटांत मानकुरादाच्या जोडीला रायवळ आंब्यांची झाडे असत, ती कोणी शास्त्र वाचून लावलेली नव्हती. परंतु नवी बाग आखताना ती सगळीच तोडून टाकण्यापूर्वी क्षणभर थांबावे, हे बरे.

काजूची गोष्ट पेडणे, डिचोली आणि सत्तरी या तालुक्यांच्या अधिक जिव्हाळ्याची, कारण तेथल्या डोंगरउतारांवर काजूच प्रमुख, आणि बोंडू धरला तरच पुढे हुर्राक व फेणी. पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणलेल्या या झाडाच्या एकाच तुऱ्यात दोन प्रकारची फुले असतात: बरीचशी नुसती नर, आणि थोडी उभयलिंगी. फळ धरते ते फक्त उभयलिंगी फुलांना. पराग चिकट असल्यामुळे वाऱ्याचा उपयोग जवळजवळ नाही. सारी मदार मधमाश्या, माश्या आणि मुंग्या यांच्यावर. काजू स्वतःचा पराग अननसासारखा कटाक्षाने नाकारीत नाही. परंतु दुसऱ्या झाडाचा पराग मिळाल्यास फळ टिकण्याचे प्रमाण वाढते, असे प्रयोगांत आढळून आले आहे. बियांपासून वाढलेल्या जुन्या काजूच्या रानात प्रत्येक झाड निराळे, त्यामुळे परका पराग कोठूनही मिळे. एकाच वाणाच्या कलमांच्या नव्या बागेत तो मुद्दाम उपलब्ध करून द्यावा लागतो, म्हणजे दोन-तीन वाण मिसळून लावावे लागतात. आणि मोहराच्या दिवसांत सकाळी कीटकनाशक फवारले, तर वाण कितीही मिसळले तरी पराग नेणार कोण?

तेरेखोल नदी ओलांडून पेडण्यातून पलीकडे गेले की वेंगुर्ले तालुका लागतो. तेथील फळ संशोधन केंद्रात माणसानेच मधमाशीचे काम केले. फूल उमलताच त्याचा मोठा पुंकेसर फुटण्यापूर्वी खुडून टाकावयाचा, निवडलेल्या झाडाचा पराग कुक्षीला लावावयाचा आणि वर पिशवी बांधावयाची, असे हे काम. मिदनापूर रेड आणि वेत्तोर-५६ यांच्या अशा संकरातून वेंगुर्ला-४ हा वाण निघाला, आणि त्याची कलमे कोकणात व गोव्यात पसरली. अशा संकरांत यश येते ते कुक्षीने होकार दिल्यावरच. माणूस फक्त स्थळ सुचवितो.

कुक्षीचा होकार टाळून पुढे जाता येते का? हा प्रश्न दिल्ली विद्यापीठात पंचानन माहेश्वरी यांच्या प्रयोगशाळेत विचारला गेला, आणि त्याचे उत्तर जगाने दखल घ्यावी असे निघाले. कुसुम कांता, रंगस्वामी आणि माहेश्वरी यांनी १९६२ साली अफूच्या झाडाची बीजांडे काढून परीक्षानळीत पोषक द्रव्यावर ठेवली, त्यांच्यावर थेट पराग टाकला, आणि कुक्षी नाही, कुक्षिवृंत नाही, अशा स्थितीत सजीव बिया मिळविल्या. पाच वर्षांनी रंगस्वामी आणि शिवण्णा यांनी हीच युक्ती पेट्युनियाच्या अशा जातीवर योजिली की जी स्वतःचा पराग मुळीच स्वीकारीत नाही. बीजांडांवर तिचाच पराग थेट टाकताच बी धरले. यावरून एक गोष्ट निर्विवाद ठरली: त्या झाडात बीजांडाची काहीच हरकत नव्हती, हरकत होती ती वाटेवरच्या पहारेकऱ्यांची.

सगळ्याच वनस्पती असा पहारा ठेवतात असे नाही. एका अंदाजाप्रमाणे सपुष्प वनस्पतींपैकी चाळीस टक्क्यांच्या आसपास जातींत तो असतो. काहींना त्याची गरजच नसते. भिरंडीची नर झाडे आणि मादी झाडे निरनिराळी; नर झाड फळत नाही म्हणून ते निरुपयोगी समजणे चुकीचे, हे ओघानेच आले. उंच जातीच्या माडाच्या पोयीत नरफुले आधी उमलून संपतात आणि मादीफुले नंतर तयार होतात, त्यामुळे एका पोयीतल्या एका पोयीत गाठच पडत नाही. याउलट भाताचे फूल तासाभरासाठी उघडते आणि बहुतेक वेळा तेवढ्यात स्वतःच्याच परागाने फळून मिटते. खाजन शेतातील खारे पाणी सोसणारा कोरगूट पिढ्यान् पिढ्या कोरगूटच राहिला, त्याचे एक कारण हे आहे.

हरमलच्या मिरचीची स्थिती या दोहोंच्या मधली आहे, आणि पेडण्याच्या शेतकऱ्याने नीट ध्यानात घ्यावी अशी आहे. मिरचीच्या काही रानटी जाती स्वतःचा पराग नाकारतात, पण लागवडीतील मिरचीने तो पहारा सोडून दिलेला आहे. ती स्वतःचा पराग आनंदाने स्वीकारते. मात्र मधमाशीने शेजारच्या मळ्यातील संकरित मिरचीचा आणला, तर तोही तितक्याच आनंदाने स्वीकारते. त्या वर्षीच्या मिरचीत काही फरक दिसत नाही. फळाची साल आणि तिखटपणा हे आईच्या झाडाचे. मिसळ दिसते ती पुढल्या वर्षी, त्या बियांची रोपे वाढून त्यांना मिरच्या लागल्यावर. तोपर्यंत बी घरोघर वाटले गेलेले असते. म्हणून ज्यांना हरमलचे बी हरमलचेच राखावयाचे आहे, त्यांनी बियाण्यासाठी चांगली चार-सहा झाडे आधीच निवडावी, फुले उमलण्यापूर्वी त्यांच्या फांद्यांवर मलमलीची पातळ पिशवी बांधावी, आत फळे धरल्यावर पिशवी काढून त्या फळांना दोऱ्याची खूण करावी, आणि बी धरावे ते त्याच फळांचे.